दादाला कशानं भाग जातो? : कोणत्याही संख्येची कुंडली मांडायची रीत

दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला आणि आमच्या स्कूटरपुढं एक काळी बुलेट येऊन थांबली. एम एच ०९, दोन अक्षरं, मग ४१४१. मागं बसलेली भाची सहावीत आहे. ती ओरडली, "मामा, दादा!" कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चाराशेजारी एक उभा राहिला की 'दा' दिसतो, दोनदा उभा राहिला की 'दादा'. हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून चाराला वळण देऊन त्याचा 'द' करायची सोय गेली, तरी वाचणारा वाचतोच.

"पण मामा, दादाला भाग कशानं जातो?"

मी शिकवणी घेतो, गेली कित्येक वर्षं हाच धंदा. त्यामुळं उत्तर तोंडावर तयार. "विषम आहे, तीननं जात नाही, पाचनं जात नाही, सातनं चार उरतात. मूळ संख्या असंल." सिग्नल सुटला. पुढच्या चौकापर्यंत ती काहीतरी पुटपुटत होती. मग म्हणाली, "एक्केचाळीसशे एक्केचाळीस. म्हणजे एक्केचाळीस शंभर वेळा आणि वर एकदा. एकशे एक वेळा!"

बरोबर. ४१ × १०१ = ४१४१. आपल्या भाषेत नुसतं मोठ्यानं म्हटलं तरी अवयव तोंडातूनच बाहेर पडतात, आणि मी सातापाशी थांबलो होतो. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना भेळेच्या कागदावर आम्ही दादाची सगळी कुंडली मांडली. तीच रीत इथं लिहितोय. गणिताला नव्यानं हात घालणाऱ्यासाठी आहे, सहावीसातवीचं गणित आठवत असलं की भागेल. वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घ्या. संख्या म्हणून स्वतःच्या गाडीचा नंबर घ्या. पुढं शून्यं असतील तर ती सोडून द्या, ००५४ म्हणजे ५४.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून मनात ठेवा, कारण नवखा माणूस हमखास इथं गडबडतो. संख्येचे काही गुण तिच्या हाडामांसाचे असतात, काही नुसते कपड्यांचे. ४१४१ ला ४१ नं भाग जातो हे हाड. ती 'दादा' दिसते हे कपडे. प्रत्येक पायरीला विचारायचं: हीच संख्या दुसऱ्या पद्धतीनं लिहिली तर हा गुण राहील का?

पहिली पायरी : कसोट्या, आणि 'टोटल नऊ'चं खरं

सम की विषम हे शेवटच्या आकड्यावरून कळतं, पाचनं भाग जातो का हेही तिथंच. त्यात वेळ घालवू नका.

तीन आणि नऊसाठी आकड्यांची बेरीज करायची. ४+१+४+१ = १०. दहाला तीननं भाग जात नाही, म्हणून ४१४१ लाही नाही. आता ही बेरीज कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची. नवीन गाडी घेताना निम्मी गिऱ्हाईकं विचारतात, "टोटल नऊ येतीय का?" ४१४१ ची टोटल दहा, मग एक. या चौकशीला अंकशास्त्रवाल्यांनी काय काय चिकटवलंय ते त्यांचं ते बघून घेतील, पण त्यामागं एक खरं गणित आहे आणि ते पाहण्यासारखं आहे.

१००० म्हणजे ९९९ आणि वर १. १०० म्हणजे ९९ आणि वर १. १० म्हणजे ९ आणि वर १. म्हणजे ४१४१ मधल्या चार हजारांतून चार वेळा ९९९ काढून ठेवले की ४ उरतात. शंभरातून ९९ काढले की १ उरतो. चाळीसातून चार वेळा ९ काढले की ४, आणि एककाचा १ आहेच. जे काढून ठेवलं ते सगळं नऊच्या पाढ्यातलं. उरलं ते ४+१+४+१. म्हणून आकड्यांची बेरीज म्हणजे नऊनं भागल्यावरच्या बाकीचा माग असतो. टोटल नऊ येणारी गाडी म्हणजे जिच्या नंबराला नऊनं नि:शेष भाग जातो ती गाडी, एवढंच. दिसायला कपड्यांचा गुण, आत निघालं हाड.

आता त्याची दुर्मिळता बघा. १ ते ९९९९ मध्ये नऊच्या पटीतल्या संख्या किती? ९९९९ भागिले ९, म्हणजे ११११. दर नऊ नंबरांमागं एक. रांगेत जरा थांबला असता तर फुकटात मिळाला असता, असं मी एका ओळखीच्या माणसाला सांगितलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

अकराची कसोटी अशी: एक सोडून एक आकडे मिळवा, दोन बेरजांतली वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली तर भाग जातो. ४१४१ मध्ये १+१ = २ आणि ४+४ = ८, फरक सहा, म्हणून नाही. सातच्या कसोट्या पुस्तकांत सापडतात, पण त्या पाठ करण्यापेक्षा सातनं सरळ भागलेलं बरं.

दुसरी पायरी : मूळ अवयव पाडणं

हा कुंडलीचा कणा. बाकीचं सगळं यावर उभं राहतं, म्हणून इथं घाई नको.

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः असे बरोब्बर दोनच विभाजक असतात ती. १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही. एकाहून मोठी प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते, आणि क्रम सोडला तर एकाच प्रकारे. गाडीच्या नंबरासाठी शंभराच्या आतल्या पंचवीसच मूळ संख्या लागतात: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पंचवीसच का, ते सांगतो. विभाजक नेहमी जोडीनं येतात. तालमीत जोड लावतात तसे. ४१ आला की त्याचा जोड १०१ आलाच, कारण दोघांचा गुणाकार ४१४१. जोडीतले दोन्ही पैलवान वजनदार असू शकत नाहीत. दोघंही ६५ किंवा त्याहून मोठे असले तर गुणाकार किमान ६५ × ६५ = ४२२५ होईल, म्हणजे ४१४१ च्या पुढं जाईल. म्हणून जोडीतला एक तरी ६४ किंवा त्याच्या आतला असणारच. ६४ पर्यंत कुणी सापडला नाही तर संख्या मूळ. थोडक्यात, वर्गमूळापर्यंत जायचं आणि थांबायचं. चार आकडी संख्येचं वर्गमूळ शंभराच्या आत असतं, म्हणून ती पंचवीस पुरतात.

आता ४१४१ घेऊन एकेक चालवा. ७ नं बाकी ४. १३ नं ७. १७ नं १०. १९ नं १८. २३ × १८० = ४१४०, बाकी १, हुकलं. २९ नं २३. ३१ नं १८. ३७ नं ३४. ४१ नं बाकी शून्य, भागाकार १०१. आणि १०१ मूळच आहे, कारण १०१ चं वर्गमूळ अकराच्या आत आणि २, ३, ५, ७ यांपैकी कुणीच भाग घालवत नाही.

मधेच कंटाळून 'मूळ असंल' म्हणायचा मोह होतो. मला तर तो जुनाच रोग आहे. २०२१ लागलं तेव्हा सगळ्या विद्यार्थ्यांना शुभेच्छा पाठवल्या होत्या, 'हे वर्ष मूळ संख्येचं'. ४१ पर्यंत तपासलं आणि सोडून दिलं. पुढचीच मूळ संख्या ४३, आणि २०२१ = ४३ × ४७. एका मुलीनं रात्री अकरा वाजता उत्तर पाठवलं, नुसते हे दोन आकडे आणि पुढं हसणारं तोंड. तेव्हापासून वर्गमूळ आधी लिहितो, त्याभोवती गोल करतो, मगच भागायला बसतो. तुम्हीही तसंच करा.

आता भाचीच्या युक्तीकडं. चार आकडे 'कखकख' असे आले की संख्या 'कख' × १०१ असते. २३२३, ७०७०, ९०९०, सगळ्या १०१ च्या पटीत. 'कखखक' अशी उलटसुलट सारखी आली, उदाहरणार्थ १२२१ किंवा ७५५७, तर अकरानं भाग जातोच. 'ककखख' आली तरी अकरानं जातो. आणि ७७७७ सारखे चारी आकडे सारखे असले तर ११ आणि १०१ दोन्ही आत बसलेले: ७७७७ = ७ × ११ × १०१. म्हणजे ज्या नंबरांसाठी लोक जादा पैसे मोजतात ते बहुतेक सगळे एकाच घराण्यातले, ११ आणि १०१ च्या घरातले. ०१०१ आणि ००११ सोडले तर यांतला एकही मूळ नाही. मूळ संख्या शोधायच्या तर साध्यासुध्या, कुणी वळून बघत नाही अशा नंबरांत. १०००० च्या आत १२२९ आहेत, साधारण आठ गाड्यांमागं एक. ४१४१ च्या अगदी शेजारची ४१३९ मूळ आहे. त्या गाडीला बिचारीला कोण विचारतंय!

तिसरी पायरी : विभाजक मोजा, मग मिळवा

अवयव पडले की विभाजक किती ते न लिहिता सांगता येतं. प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आलाय ते बघा, त्यात एक मिळवा, आणि सगळ्यांचा गुणाकार करा. ४१४१ मध्ये ४१ एकदा, १०१ एकदा. (१+१) × (१+१) = ४. विभाजक: १, ४१, १०१, ४१४१.

आता संख्या स्वतः सोडून बाकीचे विभाजक मिळवा. १ + ४१ + १०१ = १४३. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर ती न्यून संख्या, जास्त आली तर अधिक, बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. नावं पुस्तकागणिक जरा बदलतात, विचार तोच. एवढा रुबाबदार दादा, पण न्यून. ४१४१ पुढं १४३ म्हणजे काहीच नाही.

त्याच संध्याकाळी भेळेच्या गाडीशेजारी भाजीचा एक टेम्पो उभा होता. नंबर २५२०. कुणी मुद्दाम घेतलेला वाटत नव्हता. फोडून बघा: २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७. विभाजक (३+१)(२+१)(१+१)(१+१) = ४८. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ६८४०, म्हणजे संख्येच्या अडीचपटीहून जास्त. १ ते १० यांतल्या प्रत्येकानं नि:शेष भाग जाणारी ही सगळ्यांत लहान संख्या, म्हणजे १ ते १० चा लसावि. २५२० पेंढ्या मेथी दोघांत वाटा, सातजणांत वाटा, नऊजणांत वाटा, एक पेंढी उरणार नाही. वाटणीला याच्यासारखा नंबर नाही. टेम्पोवाल्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मेथी घ्यायची का?"

परिपूर्ण संख्या फार विरळ. ६ (१+२+३), २८, ४९६, आणि मग ८१२८. चार आकड्यांत एवढी एकच. आरटीओच्या दारात टोटल नऊ मागणारे, दादा मागणारे, राम दिसतो म्हणून २१४ मागणारे सगळे भेटतात. ८१२८ मागणारा अजून मला भेटलेला नाही. भेटला तर त्याच्याकडं शिकवणी लावीन.

जाता जाता दोन गोष्टी. सहापेक्षा मोठी सहाची कुठलीही पट अधिकच असते. आणि विषम असून अधिक अशी सगळ्यांत लहान संख्या ९४५.

चौथी पायरी : ठिपके मांडून आकार बघा

ही माझी सगळ्यांत आवडती पायरी, आणि पुस्तकं ती दोन ओळींत उरकतात.

संख्येइतके ठिपके घेतले तर कोणता नीट आकार होतो? चौरस झाला तर वर्गसंख्या. ४१४१ होत नाही, ६४ चा वर्ग ४०९६ आणि ६५ चा ४२२५. १, २, ३, ४ अशा ओळींचा त्रिकोण झाला तर त्रिकोणी संख्या. ओळखायची युक्ती: संख्येला आठनं गुणून एक मिळवा, उत्तर पूर्ण वर्ग आलं तरच ती त्रिकोणी. ८ × ४१४१ + १ = ३३१२९, आणि १८२ चा वर्ग ३३१२४. पाचानं हुकली.

मग दारातल्या रांगोळीकडं बघा. मधल्या ओळीत नऊ ठिपके, दोन्ही अंगांना सात, पाच, तीन, एक. 'नऊ ते एक'ची रांगोळी घराघरांत घालतात. एकूण ठिपके किती? वरून मधल्या ओळीपर्यंत १+३+५+७+९ = २५, म्हणजे ५ चा वर्ग. खालच्या बाजूला ७+५+३+१ = १६, म्हणजे ४ चा वर्ग. एकूण ४१. एकापासूनच्या सलग विषम संख्या मिळवल्या की वर्ग येतो, आणि म्हणून अशी प्रत्येक रांगोळी म्हणजे लागोपाठच्या दोन वर्गांची बेरीज.

दादातला अर्धा दादा, ४१, रांगोळी निघाला. सबंध दादाचं काय? इथं भेळेचा कागद अपुरा पडला, दुसरा मागून घेतला. नियम असा आहे: चारनं भागल्यावर १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, तीही एकाच प्रकारे. ३ उरणारी कधीच नाही. ४१ ला चारनं भागल्यावर १ उरतो, १०१ लाही १. ४१ = ४² + ५². १०१ = १०² + १². आता या दोन जोड्यांतून गुणाकाराची जोडी कशी काढायची, ते ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ च्या सुमाराला सांगून ठेवलंय. त्या रीतीला 'भावना' म्हणतात. काय सुंदर नाव आहे.

पहिली जोडी ४ आणि ५, दुसरी १० आणि १. सरळ गुणाकार: ४ × १० = ४०, ५ × १ = ५. तिरके गुणाकार: ४ × १ = ४, ५ × १० = ५०. आता सरळ दोन्हींची बेरीज घ्या आणि तिरक्यांची वजाबाकी: ४५ आणि ४६. किंवा सरळांची वजाबाकी आणि तिरक्यांची बेरीज: ३५ आणि ५४. पडताळा: ४५² = २०२५, ४६² = २११६, बेरीज ४१४१. ३५² = १२२५, ५४² = २९१६, बेरीज पुन्हा ४१४१.

पहिली जोडी परत बघा. ४५ आणि ४६. लागोपाठ! म्हणजे मधल्या ओळीत ९१ ठिपके घेऊन दोन्ही अंगांना ८९, ८७, ८५ करत एकापर्यंत आलात तर बरोब्बर ४१४१ ठिपक्यांची रांगोळी होते. हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. भाचीनं दोनदा पडताळून घेतलं आणि म्हणाली, "एवढं अंगण कुठाय?"

तुमच्या संख्येला हे जमेल का, ते अवयवांवरून कळतं. चारनं भागल्यावर ३ उरणारे मूळ अवयव (३, ७, ११, १९, २३, ३१...) सगळे सम वेळा आलेले असले तरच ती दोन वर्गांची बेरीज होते. २५२० मध्ये ७ एकदाच आहे, त्यामुळं विषय संपला.

पाचवी पायरी : सोयरीक नसलेले मोजा

१ ते ४१४१ मध्ये अशा किती संख्या आहेत ज्यांचा ४१४१ शी एकाखेरीज सामाईक विभाजक नाही? यांना सहमूळ म्हणतात. ४१ च्या पटी १०१ आहेत, त्या काढा: ४०४० उरल्या. १०१ च्या पटी ४१, त्या काढा: ३९९९. पण ४१४१ स्वतः दोन्हींकडून काढली गेली, ती एकदा परत मिळवा: ४०००. इतकं गोल उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून गुणलं तरी तेच येतं, ४० × १०० = ४०००.

हा निव्वळ खेळ नाही. १९७७ साली पुढं आलेलं आरएसए नावाचं गुप्तलेखनाचं कुलूप याच मोजणीवर चालतं. त्यातही दोनच मूळ अवयवांची संख्या असते, आपल्या दादासारखी, फक्त आकडे सहाशेच्या वर. दोन अवयव ठाऊक असले की सहमूळ किती ते एका गुणाकारात कळतं. ठाऊक नसले की बसा भागत. दादाचे अवयव सिग्नल ते सिग्नल निघाले. सहाशे आकड्यांच्या संख्येपुढं संगणकांचीही डाळ शिजत नाही.

सहावी पायरी : कपडे

आता ज्यांत मजा आहे पण हाड नाही असे गुण. यांच्यात आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा हात कुणी धरणार नाही. १९०५ ते १९८६, देवळालीला शाळेत शिक्षक. आकड्यांशी खेळत आयुष्य घालवलं आणि जगभर नाव झालं.

त्यांची रीत करून बघा. नंबरातले आकडे उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ४४११ − ११४४ = ३२६७. ७६३२ − २३६७ = ५२६५. ६५५२ − २५५६ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. आणि ६१७४ चं परत ६१७४ च येतं, तिथं गाडी थांबते. चारी आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येते. दादाला सहा लागल्या. मधे कुठं तीनच आकडे उरले तर पुढं शून्य धरायचं, मुलं इथं चुकतात.

त्यांच्याच स्वयंभू संख्या. कुठल्यातरी संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवून जी तयार होते ती जन्मलेली, जी अशी कशातूनच तयार होत नाही ती स्वयंभू. ४१४१ स्वयंभू नाही: ४१२७ मध्ये ४+१+२+७ = १४ मिळवा, झाला दादा. दादाची आई ४१२७, आणि ती मूळ संख्या आहे. आकड्यांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं. दादा त्यातही बसत नाही, २५२० बसते, नवानं भागून २८०.

हे कपडे कसे, ते पाहायचं असेल तर ४१४१ द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसते ० आणि १ वापरून, लिहा: १००००००१०११०१. दादा गेला, ६१७४ ची वाट गेली, हर्षद-स्वयंभूचे निकाल नव्यानं लावावे लागतील. ४१ आणि १०१ मात्र आतच बसलेत, ४८ विभाजकांचा टेम्पो तसाच, रांगोळी तशीच. कपड्यांच्या गुणांना कमी लेखू नका, पण वहीत त्यांचं पान वेगळं करा.

सरावाला काय घ्यायचं

कोल्हापुरात वर्षांची कमी नाही. शाहू महाराजांचा जन्म १८७४, राज्यारोहण १८९४, पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम १९०२, निधन १९२२. चारही फोडा. उत्तरं देतो, पण आधी झाकून ठेवा: १८७४ = २ × ९३७, १८९४ = २ × ९४७, १९०२ = २ × ३ × ३१७, १९२२ = २ × ३१ × ३१. यांतली अधिक एकच, १९०२, आणि दोन वर्गांची बेरीज म्हणून १९२२ चं उत्तर एका नजरेत दिसायला हवं.

पडताळ्यासाठी लिनक्सचा संगणक असला तर त्यात 'फॅक्टर' ही आज्ञा असते, क्षणात अवयव देते. आणि १, ५, १३, २५, ४१ अशी एखादी माळ सापडली तर पूर्णांकांच्या माळांचा ऑनलाइन कोश, ओईआयएस, उघडून त्यात ती टाका. आपल्या रांगोळ्यांची माळ तिथं ए००१८४४ या क्रमांकावर आहे. पण हे आधी हातानं केल्याशिवाय नको.

आमच्या स्कूटरचा नंबर ६२४१. मिळाला तो घेतला होता. घरी आल्यावर भाचीनं जिन्यातच वही उघडली. बेरीज १३, म्हणून तीन-नऊ गेले. अकरा गेला. वर्गमूळ काढलं नाही, मीही मुद्दाम बोललो नाही. सात, तेरा, सतरा करत जेवणाची हाक आली तरी पोरगी भागतच होती. एकवीस मूळ संख्या फेल गेल्या. बाविसाव्याला स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मामा, एकोणऐंशीनं जातोय. पण जोड सापडंना."

"म्हणजे?"

"त्याच्यासमोर परत तोच उभा हाय."